सायराकान एजेनं मोजलेला वेग

काराकोलच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याला आता सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकं माझ्याशी भांडली आहेत, रुसली आहेत, एकानं तर कीबोर्ड फेकून मारला आहे. पण विकत घेतलेला माल बाबागाडीत घालून परत आणणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. सायराकान एजे. वयानं मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो.

सप्टेंबर होता. दारात निळी बाबागाडी येऊन थांबली. एजेला नात झाल्याचं मला ठाऊक होतं, म्हणून मी कौतुकानं वाकून बघितलं. आत दुलईत गुंडाळून ठेवलेला, तीन दिवसांपूर्वी मीच विकलेला कॉम्प्युटर!

"एजे, हे काय? बिघडला की काय?"

"बिघडतोय कशाला! चांगला धडधाकट आहे." तिनं कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "दोरोन, हा देताना तू मला काय म्हणाला होतास?"

काय म्हणालो होतो ते मला पाठ होतं, कारण मी सगळ्यांना तेच म्हणायचो. "प्रोसेसर अगदी नवा आहे एजे, तुमच्या जुन्यापेक्षा चार पिढ्या पुढचा. काम दुप्पट वेगानं होईल."

"दुप्पट. बरं. आता हे वाच."

कागदावर दोन रकाने होते. एजेचं काम तसं साधं. नोंदणी कचेरीच्या समोर तिची एक खिडकी होती. जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, घराचे कागद, ज्याला जो अर्ज हवा तो ती टाइप करून, छापून द्यायची. तिनं जुन्या कॉम्प्युटरवर वीस अर्ज केले होते आणि नव्यावर वीस, आणि प्रत्येकाला लागलेला वेळ सेकंदासकट लिहिला होता. खाली सरासरी. जुना, चार मिनिटं बारा सेकंद. नवा, चार मिनिटं नऊ सेकंद.

"तीन सेकंद," एजे म्हणाली. "तू म्हणालास दुप्पट. बाकीचा वेग कुठे आहे? दुकानात राहिला असेल तर बघ, कपाटाच्या मागेबिगे."

समोर हासिया या दुंगान जमातीच्या बाईचं आश्लानफूचं, म्हणजे थंड तिखट रश्श्यातल्या शेवयांचं दुकान. तिथे वाट्या तोंडाला लावून बसलेली माणसं खो खो हसायला लागली. माझे कान तापले.

"अहो एजे, तुम्ही टाइपच सावकाश करता. त्याला प्रोसेसर काय करणार?"

"म्हणजे वेळ माझ्या बोटांत जातो?"

"हो ना!"

"मग बोटं विकतोस का नवी?"

हासिया तेवढ्यात तिकडून ओरडली, "दोरोन, मला गुडघे दाखव रे चार पिढ्या पुढचे!"

मी म्हणालो, "पैसे परत देतो एजे, विषय मिटला."

"पैसे कोण मागतंय?" एजे खुर्ची ओढून बसली. "मला वेग पाहिजे. बाहेर उन्हातान्हात बाळंतिणी उभ्या असतात माझ्या रांगेत. वेग नक्की कुठे जातो ते तू शोधून दे."

धंद्याच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. माल यायचा, खोक्यावर मोठा आकडा असायचा, मी तो आकडा मोठ्यानं वाचायचो. झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खिडकीवर गेलो आणि नुसता बसून राहिलो. जुना कॉम्प्युटर सकाळी चालू करायला पावणेतीन मिनिटं. मधे वीज गेली की पुन्हा पावणेतीन मिनिटं. अर्जाचा नमुना उघडताना ती जुनी फिरती डिस्क घरघरत बसायची. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामाच होता, कधी डिस्कची वाट बघत, कधी एजेच्या बोटांची. मी तिचा जुना कॉम्प्युटर उघडला, फिरती डिस्क काढली आणि नव्या जातीची, काहीही न फिरणारी डिस्क बसवली. आतली वीतभर धूळ झटकली. अर्जांचे नमुने असे लावून दिले की नाव, गाव, तारीख एवढंच टाइप करायचं.

एजेनं उजव्या हाताची मूठ वर धरली. मुठीत स्टॉपवॉच होतं. अंगठा खाली गेला, पडदा उजळला, अंगठा पुन्हा खाली.

"एकवीस सेकंद," ती म्हणाली. मग एक अर्ज करून बघितला. "एक मिनिट चाळीस." मग ती उठली आणि नोंदणी कचेरीसमोर, नवरा-नवरी आणि त्यांचे पाहुणे बघत असताना, दोन्ही हात पसरून तिथल्या तिथे नाचली. साठी जवळ आलेली, अंगानं भरलेली, करड्या कोटातली बाई. वरातीला वाटलं आपल्यासाठीच नाचतेय. त्यांनी तिला ओढून फोटोत घेतलं.

नवा कॉम्प्युटर मी परत घेतला. पण त्या दिवसापासून एजे माझी झाली, किंवा मी तिचा झालो म्हणा.

स्टॉपवॉच तिच्या मुठीत कसं आलं, ते मला पुढे तिच्या नवऱ्याकडून कळलं. जुमादिल आके (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो) मधमाश्या पाळतात. सगळ्या काराकोलमध्ये त्यांच्याइतका संथ माणूस नसेल. चहाचा एक घोट घेतला की दुसऱ्या घोटापर्यंत माणसानं बाजार करून यावं. ते सांगत होते आणि मी ऐकत होतो, पोळ्यांच्या पेट्यांच्या मधे बसून, सबंध एक दुपार.

एजेचे वडील घोड्यांची देखभाल करायचे. सतराव्या वर्षी ती घोडदौडीच्या मैदानावर वेळ घेणारी म्हणून लागली आणि एकतीस वर्षं तिथेच होती. कोणता घोडा किती वेळात आला, हे तिच्या अंगठ्यावर ठरायचं. एकदा एका सामूहिक शेतीच्या अध्यक्षाचा लाडका घोडा सेकंदाच्या एक-पंचमांशानं हरला. अध्यक्षसाहेब मंडपातून उतरून तिच्यापाशी आले आणि हसत हसत म्हणाले, "पोरी, घड्याळ चुकलं असेल तुझं." ती बावीस वर्षांची. तिनं घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "साहेब, घोडे पुन्हा पळवा, या खेपेला तुम्ही मोजा." घोडे पुन्हा पळवले. अध्यक्षांनी स्वतः मोजलं, त्यांचा घोडा या खेपेला दोन-पंचमांशानं हरला. त्यानंतर तिच्या घड्याळाला कुणी नाव ठेवलं नाही.

"मग नोकरी का सोडली?" मी विचारलं.

आकेंनी चहाचा दुसरा घोट घेतला. मग म्हणाले, "यंत्र आलं. कॅमेरा. घोड्याचं नाक रेषेवर आलं की आपोआप वेळ. सगळे म्हणाले, सायराकान आता रडणार, भांडणार. तिनं अख्खा मोसम त्या यंत्राच्या बाजूला उभं राहून दोन्ही वेळा लिहून काढल्या. मोसम संपल्यावर साहेबांकडे गेली आणि म्हणाली, यंत्र माझ्यापेक्षा बरं आहे, मी घरी जाते. त्यांनी तिला घड्याळ बक्षीस दिलं आणि घोंगडं दिलं. घोंगडं चांगलं आहे." एवढं बोलून ते दमले आणि मध चाखायला उठले.

तर अशी ही बाई दर गुरुवारी माझ्या दुकानात येऊ लागली. सुरुवातीला मला धाकधूक वाटायची. येऊन बसायची, गिऱ्हाइकाला विचारायची, "तू काय काम करतोस? ते करून दाखव." मग अंगठा. मी एक मोठा कागद भिंतीवर लावला आणि ती त्यावर खडूसारख्या जाड पेन्सिलीनं लिहू लागली. कोण, कोणतं काम, जुन्यावर किती वेळ, नव्यावर किती.

त्या कागदानं मला पहिले दोन महिने चांगलंच रडवलं. दूधसंघाचा हिशेबनीस नवा कॉम्प्युटर घ्यायला आला आणि फक्त मेमरीची पट्टी घेऊन गेला. शाळेच्या बाई आल्या, त्यांच्या कॉम्प्युटरच्या पंख्यात मांजराचे केस अडकले होते, तो तापून मंदावत होता. पंखा साफ केला, बाई माझ्या गालाचा मुका घेऊन गेल्या. हासियाला तर अगदी नव्यातला नवा हवा होता, मुलगा तिकडे सोल शहरात असतो, त्याच्याशी बोलताना चित्र अडकतं म्हणून. एजेनं तिच्या घरी जाऊन मोजलं आणि म्हणाली, "घोडा ठणठणीत आहे बाई तुझा, रस्त्यात चिखल आहे." इंटरनेटची तार उंदरानं कुरतडली होती. तार बदलली. त्या दिवशी हासियानं आम्हा दोघांना आश्लानफूच्या तीन तीन वाट्या पाजल्या आणि तिखट इतकं घातलं की एजेनं डोळे पुसत पुसत तिखटाचीही वेळ घेतली: जीभ शांत व्हायला सहा मिनिटं.

पण मग लोक येऊ लागले. बाल्कीचीहून, त्यूपहून, पार आमच्या मोठ्या तलावाच्या पलीकडून. म्हणायचे, "ती एजेची भिंत कुठाय?" दुकान भरलं.

गडबड झाली ती बेगिमायमुळे. बेगिमाय राजधानीतल्या, बिश्केकच्या एका घाऊक व्यापाऱ्याची विक्री बघायची. वय सव्वीस, पांढरे बूट, बोलणं असं की समोरच्याला मधे श्वास घ्यायला जागा नाही. ती नव्या पिढीची यंत्रं घेऊन आली, भिंतीवरचा कागद वाचला आणि माझ्याकडे वळली.

"आके, तुम्ही स्वतःच्या दुकानात स्वतःचाच मर्तिकाचा कागद चिकटवलाय?"

"ती एजे खरं लिहिते," मी म्हणालो.

"खरं? हे बघा खरं." तिनं पडदा फिरवला. वेग तपासायचा एक प्रोग्राम होता, त्यात रंगीत पट्ट्या. जुन्याची पट्टी आखूड, नव्याची तिच्या तिप्पट. "हे शास्त्र आहे. अंगठा म्हणजे शास्त्र नव्हे."

गुरुवारच होता. एजे कोपऱ्यात चहा पीत बसली होती. तिनं वाटी खाली ठेवली. "पोरी, ही पट्टी काय काम करते?"

"काम म्हणजे? मोजमाप करते."

"अर्ज लिहिते?"

"नाही."

"दुधाचा हिशेब करते?"

"नाही हो एजे, ती फक्त प्रोसेसरला पूर्ण जोरानं पळवते."

"मोकळ्या माळावर, बिनस्वाराचा," एजे म्हणाली. "असा तर माझा नवराही पळेल."

"बघू या मग!" बेगिमायचा चेहरा लाल झाला. "रविवारी. सगळ्यांसमोर. तुमची कामं, तुमचं घड्याळ. हरेल त्यानं... त्यानं..."

"गाणं म्हणायचं!" हासिया दारातून ओरडली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे सायराणं म्हणजे पाखरानं गोड गाणं. एजेच्या आईवडलांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं, आणि एजेचा आवाज असा की ती अंगाई म्हणायला लागली की नात रडायला लागायची.

"ठरलं," एजे म्हणाली. "पण दोन्ही यंत्रांत डिस्क सारखी, मेमरी सारखी. स्वारांचं वजन सारखं नसेल तर शर्यत कसली? फक्त प्रोसेसर वेगळा."

"मान्य," बेगिमाय म्हणाली. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "हे तर मीच सांगणार होते."

रविवारी दुकानासमोर टेबलं मांडली. जुमादिल आकेंनी मधाची बरणी आणली, कुणी बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळून आणले, अर्धा बाजार जमला. जुनं यंत्र सहा वर्षांपूर्वीचं, नवं खोक्यातून त्याच सकाळी काढलेलं. एजे मधोमध खुर्चीवर, पाठ ताठ, मूठ छातीशी.

पहिलं काम तिच्याच अर्जाचं. जुना एक मिनिट एकेचाळीस, नवा एक मिनिट चाळीस. हशा. दुसरं, दूधसंघाच्या हिशेबनिसानं महिन्याचा हिशेब उघडला. अकरा सेकंद आणि नऊ सेकंद. तिसरं, शाळेच्या बाईंनी निकालपत्रकं छापली. प्रिंटरचा वेग तेवढाच, दोन्हीकडे सारखं. चौथं, पासपोर्टचा फोटो कापून, उजळून, छापायचा. सेकंदाचा फरक. प्रत्येक वेळी एजे मोठ्यानं वेळ सांगायची आणि लोक ओरडायचे. बेगिमाय नखं कुरतडत उभी. मला तिची दया आली, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

"झालं का?" हासिया म्हणाली. "गाऊ दे आता पोरीला!"

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. चेहरा उन्हानं करपलेला, पायात डोंगरात चढायचे बूट. चिनारा तिचं नाव. डोंगरातल्या बर्फाळ तळ्यांवर नजर ठेवणारी एक छोटी कचेरी आहे, तिच्यात ती आणि आणखी दोघं. ती भिडस्तपणे म्हणाली, "माझंही एक काम आहे. चालेल का?"

"काय काम?" एजेनं विचारलं.

"तळ्याच्या वर ड्रोन उडवून आम्ही फोटो काढतो. नऊशे फोटो. ते सगळे जुळवून कॉम्प्युटर नकाशा करतो, पाणी किती चढलं ते त्यात दिसतं. आमच्याकडे दिवस दिवस लागतो."

बेगिमायनं मान वर केली. "एजे, चालेल की नाही? चार झाली आहेत. तुम्ही जिंकलाय. नाही म्हणालात तरी चालेल."

एजे तिच्याकडे बघून हसली. "खरं काम आहे ना? मग नाही कशी म्हणू?"

दहा वाजता दोन्ही यंत्रं एकदम सुरू केली. यात बोटांचं काम नव्हतं, प्रिंटर नव्हता, कुणाची वाट बघणं नव्हतं. नुसतं गणित, डोंगराएवढं. दोन्ही पंखे घोंगावू लागले. लोक चहा प्यायले, बोरसोक मधात बुडवून खाल्ले, म्हाताऱ्यांनी गवतावर डाव मांडला. बारा वाजून पाच मिनिटांनी नव्या पडद्यावर डोंगर उभा राहिला, कडे, बर्फ, आणि मधे बशीसारखं निळं तळं. चिनारा तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"दोन तास पाच मिनिटं," एजेनं पुकारलं. आवाज तेवढाच मोठा, जेवढा आधीच्या चार वेळांना होता.

जुनं यंत्र अजून चौथ्या हिश्श्यापलीकडे जेमतेम गेलं होतं. कुणी म्हणालं, "एजे, कळलं आता. बंद करा."

"संपल्याशिवाय वेळ कशी सांगू?"

"अंदाजे सांगा की!"

"अंदाजे तर दोरोन सांगत होता इतकी वर्षं," एजे म्हणाली आणि खुर्चीत सावरून बसली. लोक जेवायला गेले, परत आले. जुमादिल आके तिच्यासाठी भाकर आणि मांसाचा तुकडा घेऊन आले. ती डाव्या हातानं जेवली. बेगिमाय तिच्या शेजारी स्टुलावर बसली होती. हळूहळू दोघी बोलायला लागल्या. पोरीनं विचारलं घोड्यांबद्दल, एजेनं विचारलं, प्रोसेसरच्या आत असं काय बदललं की तो एवढा धावला. बेगिमायनं सांगितलं की पूर्वी आत चार कामकरी होते, आता सोळा आहेत. अर्ज लिहायला एकच माणूस लागतो, बाकीचे पंधरा हात बांधून बसतात. नऊशे फोटो वाटून घ्यायचे म्हटलं की सगळे सोळा कामाला लागतात. एजेनं तिच्याकडून हे दोनदा सांगून घेतलं. मग म्हणाली, "हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी पट्टीला हसले नसते."

"तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही नवऱ्यावर घसरलात."

आके मान हलवत म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही."

पाच वाजून वीस मिनिटांनी जुनं यंत्र थांबलं. एजे उठून उभी राहिली, पाय आखडले होते, बेगिमायनं दंडाला धरलं. "सात तास वीस मिनिटं," एजेनं पुकारलं. "नवं यंत्र सव्वापाच तासांनी पुढे. माझं म्हणणं होतं की नव्या प्रोसेसरचा वेग खोक्यावरच राहतो. या कामात मी चुकले. कागदावर लिहा."

कागदावर तिनंच लिहिलं. आणि मग ती गायली.

मी त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की हासियानं आश्लानफूच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि बांधलेलं एक गाढव उत्तर देऊ लागलं. एजे हसत हसत गात होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लोक पोट धरून जमिनीवर बसले होते. तिसऱ्या ओळीला बेगिमाय पुढे आली. "चार कामांत मी हरलेय," ती म्हणाली आणि तिनं तेच गाणं उचललं. तिचा आवाज खरोखर सुरेख होता. दोघींनी मिळून म्हटलं, एकीनं सुरात, एकीनं जोरात.

चिनाराच्या कचेरीनं ते नवं यंत्र घेतलं. त्या हिवाळ्यात मी बाकीची चारच विकली, सगळी ज्यांना हवी होती त्यांनाच.

पुढच्या जुलैतली गोष्ट. आठवडाभर कडक ऊन पडलं होतं. चिनारा पहाटे वरच्या तळ्यावर ड्रोन उडवून नऊ वाजता गावात उतरली आणि फोटो यंत्रात घातले. सव्वाअकराला नकाशा तयार. आदल्या आठवड्याच्या नकाशावर तो ठेवून बघितला तर पाणी अडीच मीटर चढलेलं. बर्फाखालची वाट पाण्यानं कुठल्याही क्षणी फोडली असती. तिनं लगेच खालच्या कुरणावर फोन लावला. तिथे सात यर्ट, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, होते, माणसं, मेंढ्या, घोड्या, शिंगरं.

सगळे निघाले, एकटे असनाली आके अडून बसले. वय ऐंशी. म्हणाले, "माझ्या चुलीशिवाय मी कुठे जात नाही." लोखंडी चूल, आत अजून निखारे. शेवटी त्यांच्या दोन सुनांनी निखारे ओतून टाकले, चूल घोड्यावर बांधली, आकेंना दुसऱ्या घोड्यावर, आणि पाच वाजेपर्यंत अख्खं कुरण वरच्या टेकाडावर चढलं. सव्वासहाला तळं फुटलं. पाण्यानं लाकडी पूल नेला, मेंढ्यांचा रिकामा वाडा नेला, दगडधोंडे असे गडगडत गेले की टेकाड हललं म्हणतात. माणूस नाही, जनावर नाही, एक कोकरूसुद्धा गेलं नाही.

जुन्या यंत्रावर नकाशा संध्याकाळी साडेचारनंतर आला असता. एवढं मोठं कुरण पावणेदोन तासांत हलवता आलं असतं का, याचं उत्तर मला ठाऊक नाही. चिनारालाही नाही.

आठ दिवसांनी त्या टेकाडावरच त्यांनी जेवण घातलं. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. बेगिमाय बिश्केकहून आली, पांढरे बूट पहिल्याच ओढ्यात गेले. असनाली आकेंच्या चुलीवर मांस शिजत होतं आणि ते स्वतः येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत होते, "बघा, चूल आणली नसती तर आज काय खाल्लं असतं?"

एजेला मानाच्या जागी बसवलं. धाकट्या सुनेनं तिच्यापुढे कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची वाटी धरली आणि म्हणाली, "चिनारा म्हणते, ते यंत्र तुम्ही निवडलंत."

"मी कुठे निवडलं?" एजे म्हणाली. "मी तर त्याच्या विरुद्ध होते. निवडलं या पोरीनं." तिनं बेगिमायचा हात धरून तिला पुढे ओढलं. बेगिमाय, जिच्या बोलण्यात श्वास घ्यायला जागा नसते, ती रडायलाच लागली. मग सुना रडल्या, मी रडलो. जुमादिल आकेंना मागाहून, आम्ही सगळे पुन्हा हसायला लागल्यावर, रडू फुटलं, आणि त्यावरून आम्ही आणखी हसलो.

एजे आता चौसष्ट वर्षांची आहे. खिडकीवर अजूनही तोच जुना कॉम्प्युटर आहे. मी मधे एकदा बदलून देतो म्हटलं तर म्हणाली, "रांग कुठाय? रांग दाखव, मग बदल." रांग खरंच नसते. दुकानातल्या भिंतीवर नववा कागद चालू आहे, आणि खोक्यावरचा आकडा मी मोठ्यानं वाचणं सोडून दिलं आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, तू काय काम करतोस.

या वसंतात बेगिमायचा फोन आला. मी तो एजेकडे दिला आणि आवाज मोठा केला.

"एजे, नवी पिढी आलीय! आत चोवीस कामकरी! कधी येऊ? रविवारी?"

"या रविवारी नको," एजे म्हणाली. "सफरचंदं फुलली आहेत, माश्या बाहेर पडल्यात. यांच्या पेट्या हलवायच्या आहेत वरच्या बागेत. माणूस कमी पडतंय."

"मग मी येते ना हात लावायला!"

"ये. पण बूट दुसरे घाल," एजे म्हणाली.